कानाचं कारण

हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढेना म्हणून संजीवनीनं मेकॅनिकला फोन केला, तो दिवाळीनंतरचा पहिला सोमवार होता. तिचे काका शालिग्राम उमाळे ओसरीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी. नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झाले, नंतर बरीच वर्षं पुण्यात काढली आणि बायको गेल्यावर बुलढाण्याला पुतणीकडे राहायला आले. दिवाणखान्यात त्यांचा एक जुना फोटो होता, पांढऱ्या गणवेशातला, छातीवर वीरचक्र लावलेला. तो संजीवनीनं हौसेनं लावला होता. ते स्वतः त्या भिंतीकडे पाठ करून बसत, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मेकॅनिक आला. पंचेचाळीस-पन्नासचा असेल, दाढीत पांढरं डोकावत होतं. त्यानं मोटर उघडली नाही. चालू करायला सांगितली, लांब पेचकस काढला, त्याचं टोक मोटरीच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मान किंचित डावीकडे कलली.

शालिग्रामांच्या हातातला पेपर खाली आला.

"मागची बेअरिंग गेली, मॅडम," तो म्हणाला. "पुढची चांगली हाय. तिले हात लावायचं काम नाही."

"हे तुला कोणी शिकवलं?" शालिग्रामांनी विचारलं.

"अब्बानं जी. ते नेव्हीत होते, पाणबुडीत. कानाचंच काम होतं त्यायचं. सोनारवर होते." तो हसला. "गावातले लोक समजत, दागिने घडवते म्हणून."

"गाव कोणतं?"

"देऊळघाट. फकीर मोहम्मद नाव त्यायचं. मी शाकिर."

"आहेत?"

"नाही जी. सहा वर्षं झाले."

शालिग्रामांनी पेपरची घडी करून मांडीवर ठेवली. हात धुवायला आत गेलेला शाकिर दिवाणखान्यातल्या फोटोपाशी थबकला आणि ओल्या हातांनीच परत बाहेर आला.

"तुमी उमाळेसाहेब तं नाही?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली. शाकिरनं त्यांचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "अम्मीले सांगतो आता जाऊन! अब्बा रोज नाव घेत तुमचं. तुमच्यानं त्यायचा कान वाचला साहेब. लढाईच्या टाइमले तुमी उतरवलं ना त्यायले बोटीतून. खाली गेले असते तं पडदा फाटला असता. अब्बा म्हणत, साहेबाले कसं समजलं काय मालूम, मले तं दुखलंबी नोतं."

संजीवनी कौतुकानं काकांकडे पाहत होती. काका उठले आणि आत जाऊन पलंगावर पडले. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाले.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात शालिग्राम चौतीस वर्षांचे होते. पाणबुडी त्यांच्या ताब्यात येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. बोटीवर पंचाहत्तर माणसं, त्यांतली वऱ्हाडातली दोनच. वरवट बकालचे ते स्वतः आणि देऊळघाटचा फकीर मोहम्मद. अधिकारी आणि खलाशी यांच्यात जे अंतर असतं ते होतंच, पण पहाटेच्या पाळीला आजूबाजूला कुणी नसलं की शालिग्राम त्याच्याशी गावच्या बोलीत दोन शब्द बोलून घेत. "काय बे, काय ऐकू येऊन राह्यलं?" तो कानावरचा हेडफोन सरकवून म्हणे, "माशे भांडून राह्यले साहेब."

पाणी वर मिटलं की पाणबुडीला दिसत काही नाही, ती नुसती ऐकते, आणि तिच्यासाठी ऐकायचं काम फकीर मोहम्मदचं. प्रत्येक जहाजाच्या पंख्याचा आवाज निराळा. त्यानं त्या आवाजांची एक वही केली होती. ती कुणी सांगितली म्हणून केलेली नव्हती. सरकारी तक्त्यातल्या आकड्यांशेजारी त्याचं आपलं मराठी: हा पिठाच्या चक्कीसारखा, पट्टा ढिल्ला झालेला. हा उफणणीसारखा. ही जुनी मोट, चाकाले तेल नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तो आपण होऊन शालिग्रामांकडे आला. बोट कुठं जाणार हे खलाशांना सांगितलेलं नव्हतं, पण चढवलेलं सामान आणि नकाशे पाहून त्यानं ओळखलं असावं. म्हणाला, "साहेब, तुमाले सांगून ठेवतो. माही मोठी बहीण, राबिया आपा, कराचीत दिली हाय. चुलत्याच्या पोराले. बंदराच्या जवळच राह्यते ती." मग थोडं थांबून म्हणाला, "लढाईत काय होईन तिचं, असं वाटते. बाकी काही नाही."

"काळजी नको करू," शालिग्राम म्हणाले.

आणि तो गेल्यावर काळजी त्यांनाच लागली. त्यांना ना वरून कुणी विचारलं होतं, ना कुणी नुसतं सुचवलं होतं. जे आलं ते त्यांच्याच डोक्यात आलं. शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी आपण पडून राहणार, सगळ्या बोटीचा जीव या एका माणसाच्या कानावर, आणि त्या किनाऱ्यावर त्याची सख्खी बहीण. ऐन वेळी याचं मन कच्चं पडलं तर? ऐकू आलेलं त्यानं क्षणभर दाबून ठेवलं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं कागद लिहिला: कानाला संसर्ग, पाण्याखाली नेण्यास अयोग्य. फकीर मोहम्मदला बोलावून तेच सांगितलं. त्यानं आपली वही मदतनीस सावंतच्या हवाली केली, सामान उचललं आणि तो उतरला.

सावंत मालवणचा, बावीस वर्षांचा, नवशिका. बंदराबाहेर सहाव्या दिवशी एक युद्धनौका डोक्यावरून गेली. गेली असं सगळ्यांना वाटलं. शालिग्राम बोट वर घेण्याचा हुकूम देणार, एवढ्यात सावंतनं हात वर केला. त्याच्या मांडीवर वही उघडी होती.

"साहेब, कडबाकुट्टी म्हणजे काय?"

असल्या वेळी असला प्रश्न! पण शालिग्रामांनी वही ओढून घेतली. पान होतं: "कडबाकुट्टी चालते तसा. चालता चालता दम खाते, जशी का जाड पेंढी आली. दम खाल्ला म्हणजे जहाज वळून राह्यलं." वरवट बकालच्या गोठ्यात त्यांनी स्वतः ती कुट्टी फिरवली होती. जाड पेंढी आली की पातं कसं अडतं आणि मग पुन्हा वेग कसा घेतं, ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांनी हेडफोन कानाला लावला. पंखा दम खात होता.

वर जाण्याऐवजी त्यांनी बोट तळाला नेली आणि सगळी यंत्रं बंद करवली. बाँब पडले ते वरच्या पाण्यात फुटले. दिवे गेले, एका जोडातून पाणी यायला लागलं, हवा जड झाली. एकोणीस तास चौऱ्याहत्तर माणसं न बोलता पडून होती. त्यांतून शालिग्रामांनी बोट सोडवली आणि परत घरी न नेता पुन्हा त्याच बंदराच्या तोंडाशी उभी केली, लढाई संपेपर्यंत. पदक मिळालं ते यासाठी. ते धाडस खोटं नव्हतं. पण त्यांनी पाठवलेल्या अहवालात सावंतचं नाव होतं, वहीचं नव्हतं. वही कुणाची म्हटलं असतं तर वहीवाला कुठं होता, असा पुढचा प्रश्न आला असता.

पुढच्या वर्षी रजेवर गेलेल्या फकीर मोहम्मदचं देऊळघाटहून पत्र आलं होतं. "साहेब, पेपरात फोटो पाहिला, फार आनंद झाला. कान आता एकदम बरा आहे. मला परत बोटीवर घेता का?" शालिग्रामांनी ते तीनदा वाचलं. उत्तर लिहायचं तर कागदावरची ओळ खोटी होती असं लिहावं लागलं असतं. त्यांनी उत्तर लिहिलं नाही. त्या एका ओळीमुळे फकीर मोहम्मद पुन्हा पाणबुडीत चढला नाही. किनाऱ्यावरच्या भांडारात पंधरा वर्षं भरेपर्यंत सामान मोजत राहिला आणि गावी येऊन त्यानं मोटरी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. हे शेवटचं शालिग्रामांना कळलं ते शाकिरकडून.

चार दिवसांनी त्यांनी संजीवनीला गाडी काढायला सांगितली. "देऊळघाटले जाऊ," म्हणाले. इतक्या वर्षांत ते "जाऊ या" म्हणत आले होते. तिला गंमत वाटली.

दुकानाच्या मागेच घर होतं. फकीर मोहम्मदची बायको खुर्शीदा दारात उभी होती. पंच्याहत्तरीला टेकलेली, बारीक, डोळ्यांवर जाड भिंगं. "या साहेब, या. तुमी कवा तरी येसान असं त्यायले वाटे. आमी हासत होतो त्यायले." भिंतीवर पेपरचं कात्रण होतं, प्लास्टिकमध्ये घालून जपलेलं. बहात्तरचं. शालिग्रामांचाच फोटो.

चहा झाला. शाकिर दुकान सोडून आत येऊन बसला. शालिग्रामांनी कप खाली ठेवला.

"भाभी, फकीर मोहम्मदचा कान चांगला होता."

"हाव, मंग झाला ना चांगला."

"झाला नाही. होताच. त्याला काहीच झालेलं नव्हतं. कागद मी खोटा लिहिला."

खुर्शीदा चष्म्यातून पाहत राहिली. त्यांनी सगळं सांगितलं. राबिया आपाचं, त्या आदल्या दिवसाचं, वहीचं, आलेल्या पत्राचं. थांबले नाहीत, कारण थांबलो तर पुढचं सांगवणार नाही हे त्यांना माहीत होतं. संजीवनीनं मध्येच मान खाली घातली.

पहिल्यांदा शाकिर बोलला. "म्हणजे तुमाले वाटलं, अब्बा दगा देतीन?"

"दगा असं नाही," शालिग्राम म्हणाले. "वाटलं, ऐन वेळी..." त्यांनी शब्द शोधला. मग शोधणं सोडून दिलं. "हो. तेच वाटलं."

"त्यायनं काही केलं होतं तसं?"

"नाही. कधीच नाही. त्यांनी बहिणीचं सांगितलं ते माझ्यावर भरवसा होता म्हणून."

शाकिर उठला, खिडकीशी गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला.

खुर्शीदा हलक्या आवाजात बोलायला लागली. "बुलढाण्याले, अकोल्याले, औरंगाबादले, तीन डॉक्टरायले कान दाखवला त्यायनं. सगळे म्हणत, काही नाही, चांगला हाय. हे घरी येऊन म्हणत, या डॉक्टरायले नाही समजत, साहेबाले समजलं होतं. थंडी पडली का कानाले मफलर बांधत. आंब्याचं लोणचं सोडलं. पोह्याले विहिरीत गेले नाही कधी, पाणी जाईन म्हणून. पोरं उड्या टाकत अन् हे काठावर बसून राहत." ती थांबली. "उमर गेली साहेब. अन् आजारी पडले तवा बी मले म्हणाले, माह्या साहेबानं मले वाचवलं."

"म्हणूनच मला सांगावंसं वाटलं, भाभी."

"कोणाले? त्यायले सांगायचं होतं ना. ते होते तवर नाही आले तुमी." तिचा आवाज चढला नाही. "चोपन वर्षं तुमच्यापाशी होतं. आता माह्यापाशी आणून टाकलं. मी कुठी ठेवू हे?"

इतकी वर्षं शालिग्रामांनी मनात माफी मागून पाहिली होती, शिव्या खाऊन पाहिल्या होत्या. हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

"लिहून द्या," खिडकीतून शाकिर म्हणाला. "जसं खोटं लिहून देल्लं, तसं खरं लिहून द्या."

"देतो. आणि चार डिसेंबरला नौदल दिन आहे. माजी सैनिक संघाच्या भाऊरावांनी सत्कार ठेवलाय माझा, सगळे येणार आहेत. तिथं सगळ्यांसमोर सांगतो."

"नाही," खुर्शीदा म्हणाली.

"अम्मी, सांगू दे ना!"

"नाही म्हणलं ना. साहेब, तुमी मोठे मनाचे म्हणून लोक टाळ्या वाजवतीन तुमाले. अन् घरी जाता जाता काय बोलतीन? फकीर मोहम्मदवर शक होता म्हणे. त्याची बहीण कराचीले होती म्हणे. तुमची चूक कोणी ध्यानात नाही ठेवणार, आमच्यावरचा शक ठेवतीन. माह्या नातवंडायले याच गावात राहायचं हाय. आजपावतर आमच्या घरावर कोणी बोट नाही दाखवलं." तिनं पदर सारखा केला. "नाव घ्यायचं तं त्यायच्या कामाचं घ्या. बाकीचं तुमच्यापाशी राहू द्या."

परतीच्या वाटेवर संजीवनी गाडी चालवत होती. देऊळघाट मागे पडल्यावर म्हणाली, "काका, काऊन गेलो आपण तिथं?" तिच्या आवाजात राग होता की कीव, ते त्यांना कळलं नाही. घरी आल्यावर तिनं फोटोवरची धूळ नेहमीसारखी पुसली, पण त्यांच्याकडे न बघता.

त्यांनी दोन पानं लिहिली. तीनदा लिहावी लागली. तारीख, बोट, हुद्दा, सगळं घातलं, खाली सही केली आणि शाकिरच्या दुकानात नेऊन दिली. शाकिरनं ती उभ्यानंच वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. बसा म्हणाला नाही.

चार डिसेंबरला सभागृह भरलं होतं. भाऊराव पायदळातले निवृत्त सुभेदार, आवाज अजून कवायतीचा. त्यांनी ओळख करून देताना एकोणीस तासांची गोष्ट अशी सांगितली की शालिग्रामांना स्वतःलाच ती परक्या माणसाची वाटली. शाल, श्रीफळ झालं. ते बोलायला उभे राहिले.

"त्या दिवशी बोट वाचली ती एका वहीमुळे," ते म्हणाले. "ती वही आपल्या देऊळघाटच्या फकीर मोहम्मद यांनी लिहिली होती." आणि त्यांनी चक्की सांगितली, मोट सांगितली, उफणणी सांगितली. सावंतचा प्रश्न सांगितला तेव्हा सभागृह हसलं, आणि कडबाकुट्टीचा अर्थ सांगितला तेव्हा एकदम शांत झालं. चौऱ्याहत्तर माणसं घरी गेली, त्यांची पोरं झाली, नातवंडं झाली, ती सगळी त्या पानावर उभी आहेत, असं ते म्हणाले. टाळ्या बराच वेळ थांबेनात. भाऊराव कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, आपल्या जवळचा माणूस, अन् आमाले मालूमच नोतं! पुढच्या वर्षी त्यायच्या घरच्यायचा सत्कार करू."

शाकिर मागच्या दाराशी उभा होता. गर्दी पांगल्यावर तो पुढे आला.

"चांगलं बोलले साहेब."

"जेवढं बोलता आलं तेवढं."

"वही बोटीत होती, मंग अब्बा काऊन नोते? हे कोणीच इचारलं नाही."

"नाही विचारलं."

"मी इचारलं असतं," शाकिर म्हणाला. त्यानं त्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवून दिल्या, गाडीपर्यंत सोडलं आणि नमस्कार न करताच गेला.

त्यानंतर महिनाभर काही झालं नाही. शालिग्रामांचं जेवण कमी झालं. पदक त्यांनी कपाटातून काढून एकदा हातात घेतलं, ते देऊन टाकावं असंही मनात आलं, पण कुणाला द्यायचं? ते ज्या गोष्टीसाठी मिळालं ती त्यांनी केली होती. जी करायला नको होती तिच्यासाठी परत करायचं पदक नसतं.

जानेवारीच्या एका दुपारी शाकिरचा फोन आला. "अम्मीनं बोलावलं," एवढंच म्हणाला.

या वेळी खुर्शीदा आत खाटेवर होती. तब्येत बरी नव्हती. तिनं शाकिरला दुकानात जायला सांगितलं आणि संजीवनीला बाहेर बसायला. शालिग्राम खाटेशेजारच्या स्टुलावर बसले.

"लई इचार केला," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाही असं म्हणू का, तं ते खोटं होईन. राग हाय. पण मले एक इचारायचं. ते बोटीवरून उतरले त्या रोजचं मले कधीच सांगितलं नाही त्यायनं. बाकी सगळं सांगत. तुमी होते तिथं. कसे दिसत होते ते?"

शालिग्रामांनी डोळे मिटले. खोली आठवली, इंजिनतेलाचा वास आठवला, टेबलावर पसरलेला नकाशा आठवला, त्यावरची लाल पेन्सिल आठवली. दोन बूट आठवले, टेबलाच्या पलीकडे जोडून उभे राहिलेले.

"भाभी, मी नकाशात पाहत होतो. वर पाहिलंच नाही."

"एकबी खेप नाही?"

"नाही. पाहिलं असतं तर सांगता आलं नसतं मला, कानाचं."

दुकानात कुठली तरी मोटर चालू झाली आणि बंद पडली.

"काही बोलले तं असतीन ना? ते तं ऐकलं असन तुमी."

"हो. ते म्हणाले, हाव साहेब."

"कसं म्हणाले? मले म्हणून दाखवा."

शालिग्रामांनी घसा साफ केला. "हाव साहेब," ते म्हणाले. आवाज त्यांचाच आला, म्हातारा आणि चिरका. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, जरा हळू, जरा तरुण, देऊळघाटचा हेल आठवून.

खुर्शीदानं डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "असं नोते म्हणत ते."